ते कलम कोणासाठी होतं?

सातारा,
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

प्रिय दादा,

आधी माफ कर. तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. रोजनिशी मात्र एक दिवस चुकली नाही. शाळेतले तास, दहावीच्या मुलींचे पेपर, यंदाचा पाऊस, सगळं लिहिलं. तुझं काही लिहायला घेतलं की वाक्य अर्धं राहायचं आणि मी खाली दुसऱ्या दिवसाची तारीख घालून मोकळी व्हायची. हे काय वागणं झालं, असं स्वतःला विचारलंसुद्धा.

आज लिहिते आहे ती वहिनीमुळे. गेल्या शुक्रवारी रजा काढून मी सांगलीला तुझ्या घरी गेले होते. सकाळचे लाईट गेलेले. वहिनी तुझ्या टाकीपाशी स्टुलावर बसली होती. कोपरापर्यंत हात पाण्यात, आणि भिंतीवरचं बटण चालू.

दादा, तू असाच गेलास ना?

बोटीवरची नोकरी सोडून तू सांगलीत काचेचं दुकान काढलंस, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटला एकदाचा समुद्रातून. कुठला सुटतोस! स्वतःच्या हातानं चार फुटी टाकी जोडलीस आणि रत्नागिरीच्या मासळीच्या टेम्पोवाल्याशी दोस्ती करून कॅननं समुद्राचं पाणी मागवायला लागलास. गल्लीतल्या बायका वहिनीला विचारायच्या, "मालकांनी घरात समुद्र आनलाय म्हनं?" वहिनी नाकाला पदर लावून म्हणायची, "व्हय. आता नुसता नारळ टाकायचा राहिलाय."

मग मुंबईच्या कोणा ओळखीच्याकडून तू थर्मासमधून पहिलं पोवळं आणलंस. मी इतकी वर्षं भूगोल शिकवत होते, फळ्यावर प्रवाळाची बेटं काढत होते, पण जिवंत पोवळं पाहिलं ते तुझ्या बाहेरच्या खोलीत. अंगठीतल्या खड्यासारखं लाल, कडक असेल असं वाटलं होतं. हे तर मऊ, तपकिरी! एक जाड देठ, वर बशीएवढी टोपी आणि टोपीवर शेकडो बारीक हात हलणारे. तू तिला छत्री म्हणायचास. "झाड नव्हे हे, शालू. जनावर आहे. पण कलम झाडासारखं होतं."

दाढीच्या ब्लेडनं तू टोपीचा तुकडा कापलास तेव्हा मी डोळे मिटले होते. बुळबुळीत चिकट पाणी सुटलं, वास आला. मी म्हटलं, "दुखत असेल रे तिला!" तू तुकडा दोऱ्यानं दगडाला बांधत म्हणालास, "दुखतं की नाही ते मला माहीत नाही. वाढतं एवढं माहीत आहे." काही आठवड्यांनी दोरा सोडलास, तर तुकड्यानं दगड धरला होता. तोच दगड तू मला दिलास, आणि तो ठेवायला एक लहान टाकी. एकट्या बाईच्या घरात काहीतरी हलतं असावं, म्हणालास. मला तेव्हा राग आला होता. आज सांगते, बरं वाटायचं. शाळेतून आल्यावर कुलूप काढलं की आधी तिकडे बघायची.

तुझा नियम साधा होता. कलम विकायचं नाही, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि ज्याची टाकी मरेल त्याला ज्याच्याकडे आहे त्यानं द्यायचं. "माझी टाकी कधीतरी मरणारच," तू म्हणायचास. "तेव्हा तुमच्यापैकी कोणाकडे तरी माझी छत्री असायला पाहिजे." तुमच्यापैकी म्हणजे आम्ही तिघं. मी, इस्लामपूरकडचे शंकरअण्णा आणि रहिमतपूरचा मिलिंद. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला उसाचा बागाईतदार, फोटो स्टुडिओवाला पोरगा आणि भूगोलाची बाई. कोण कुठले आम्ही! पण महिन्यातून एकदा तुझ्या दुकानात भेटायचो आणि तास-तास पाण्याबद्दलच बोलायचो. वहिनी चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "पाण्यावर बोलणं झालं असंल तर च्या प्या."

तुमच्या भागातले लाईट शुक्रवारी सकाळी ठरल्या वेळी जायचे. कलमं करायला तू तीच वेळ धरायचास. पंप बंद, पाणी स्थिर, कापलेला तुकडा वाहून जात नाही, आणि विजेचं भय नाही. आम्हीही तसंच करायला लागलो. लाईट गेले की लोक चिडायचे, आपण ब्लेड शोधायचो.

पंपाचं बटण का बंद करायचं नाही, ते अण्णांमुळे ठरलं. एकदा अण्णांनी जास्तीची काळजी म्हणून बटण बंद करून कलम केलं आणि बंदच ठेवून उसाला पाणी द्यायला गेले. लाईट आले, पंप सुरू झाला नाही. संध्याकाळी घरी आले तर टाकी पांढरी पडून नासलेली. एवढा मोठा माणूस तुझ्या दुकानात बसून रडला. तू त्यांना नवीन छत्री दिलीस आणि घरी येऊन आपल्या बटणावर चिकटपट्टी मारलीस. "कोणीही ह्याला हात लावायचा नाही. लाईट आले की पंप आपोआप सुरू झाला पाहिजे." आम्ही तिघांनीही आपापल्या घरी पट्ट्या मारल्या. एकालाही सुचलं नाही, दादा. तुला नाही, मला नाही. एका टाकीच्या मरणाला आपण इतके भ्यालो की माणूस मरू शकतो हे ध्यानातच आलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी लाईट वेळेआधी आले, तुझे हात अजून पाण्यातच होते. पंपाच्या वायरीला मिठानं खाल्लं होतं, हे मिलिंदनं नंतर पाहिलं. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिचा रेडिओ एकदम सुरू झाला, म्हणून तिला कळलं. ती तुला सांगायला बाहेर आली, "अहो, आज लवकर आले." पुढचं तिनं कोणाला सांगितलेलं नाही.

छत्री मात्र मेली नाही. टोपी अर्धी कापलेली, तुकडा एका बाजूनं लोंबत राहिलेला. वहिनीनं टाकीला कोणाला हात लावू दिला नाही. तेरावं झाल्यावर पाहुणे गेले, तेव्हा तिनं मला आत बोलावलं.

"शालूवन्सं, एक काम करा माझं. हे कुणासाठी कापत हुते ते मला शोधून द्या."

मी म्हटलं, "वहिनी, आता ते कळून काय होणार?"

"ज्यानं मागितलं त्यानं यावं. माझ्या हातून त्याचा तुकडा घेऊन जावं. त्या दिशी मी टाकी उपसते. मग त्यानं परत ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. तवर टाकी चालू ऱ्हानार."

शोकात माणूस बोलतं, असं मी समजले. दोन महिन्यांनी गेले तर तोच प्रश्न. रत्नागिरीच्या टेम्पोवाल्याकडून ती पाणीसुद्धा घेत होती. जिला त्या वासानं मळमळायचं ती! मग मी शोधायला निघाले.

मे महिन्यात अण्णांकडे गेले. अंगणात त्यांची टाकी रिकामी करून ठेवलेली होती आणि तिच्यात वासरू विहिरीचं पाणी पीत होतं. मी विचारायच्या आतच ते बोलायला लागले. "आवं ताई, काय इचारता? माज्यासाठीच की! मीच म्हनलं हुतं मनोहररावास्नी, माजी छत्री लय बारकी ऱ्हायली, एक दमदार द्या. तर म्हनले, शुक्रवारी कापतो अण्णा, शनवारी या."

"मग वहिनींना येऊन सांगितलं का नाही?"

"कंचं तोंड घिऊन जाऊ? ती पट्टी कुनापायी मारली त्यांनी? मी बटान इसरलो म्हनून. आता ह्येबी माज्यासाठीच." वासरानं टाकीत तोंड घातलं तसे ते त्याच्यावर खेकसले, "पी की मुकाट्यानं! तुला काय हुतंय!" आणि तोंड फिरवून उभे राहिले.

उत्तर मिळालं असं वाटलं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. एका बाजूचं ऐकून कोणाच्या कपाळी एवढं लिहायचं कसं? म्हणून मिलिंदलाही भेटले. तो डार्करूममधून बाहेर आला, बोटं ओली. मी अण्णांचं सांगितलं, तसा तो भडकलाच.

"अण्णा कायबी बोलत्यात. म्हातारा मानूस, सगळं आंगावर घेतोय. ताई, ते माझ्यासाठी हुतं. माझी छत्री डिसेंबरातच गेली. दादा म्हणाले, मिल्या, तोंड पाडू नको, या शुक्रवारी तुझी."

"नक्की याच शुक्रवारी म्हणाला?"

"नक्की म्हंजे? मी डबा घिऊन निघालो हुतो, ताई! स्टँडवर कळलं."

"अण्णाही तसंच सांगतात."

"मग अण्णा खोटं बोलत्यात," तो म्हणाला आणि एकदम खाली बसला. "का मलाच तसं वाटतंय, काय कळंना झालंय आता."

मी दोघांची एकदा भेट घडवली. वाटलं होतं, एकमेकांवर ढकलतील. ते भांडले, पण ओढून घेण्यासाठी! "तुला कुठं दिलीती रं त्यांनी? तू काल आलेला!" "अण्णा, तुमची जिवंत हुती, माझी मेली हुती. नियमानं माझाच नंबर." मी मध्ये बसून ऐकत होते. शेवटी अण्णा म्हणाले, "जाऊ दे गड्या. निम्मं निम्मं घिऊ." दोघं हसले.

आणि माझं काय? संक्रांतीला तू साताऱ्याला आलास, माझ्या टाकीकडे बघून म्हणालास, "तुझी मोठी होत नाही. या खेपेला तुला, शालू." मी मागितलं नव्हतं. बस की आता कौतुक, म्हटलं होतं. तरी तू म्हणालास. मग ते मीच होते का? की नव्हते?

का रे दादा असं करायचास? एकाला नाही म्हणायला तुझी जीभ का वळत नव्हती? एक छत्री, आणि तीन ठिकाणी तोच शब्द! तू सगळ्यांना देणारच होतास, हे मला माहीत आहे. एक आज, एक पुढच्या महिन्यात. तुझ्या लेखी त्यात खोटं काही नव्हतं. पण तू मध्येच उठून गेलास आणि आम्ही तिघं त्या एका तुकड्यापाशी उभे राहिलो.

भाऊबीजेला मी तुझ्या घरी गेले. ओवाळायला कोणी नव्हतं. तुझी सई परीक्षेसाठी पुण्यालाच राहिलेली. वहिनीनं तरी माझ्यासाठी पाट मांडला होता. मी तिला सगळं सांगितलं. अण्णा काय म्हणतात, मिलिंद काय म्हणतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोघांचं म्हंजे कुणाचंच न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "मला एक मानूस पायजे."

माझं नाव तेव्हा तोंडात आलं होतं. ते मी गिळलं, की तिनं बोलायला वाव दिला नाही? त्या दिवसाच्या रोजनिशीत मी लिहिलंय, की तिनं विषय बदलला. आता वाचताना मला त्या वाक्याची खात्री वाटत नाही.

आणि मग गेला शुक्रवार.

लाईट नसले की पाणी हलतं ठेवावं लागतं, नाहीतर आतले जीव गुदमरतात. तू ते प्लास्टिकच्या मगानं करायचास. वहिनी स्टीलच्या तांब्यानं पाणी उचलून उचलून ओतत होती. दारातून मी ओरडले, "वहिनी, बटण!"

"बटनाला हात लावायचा न्हाई. त्यांनी सांगितलंय."

"आधी हात काढा बाहेर! लाईट येतील."

"अजून वेळ हाय." तिनं तांब्या पुन्हा बुडवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशीबी वेळ हुताच की, वन्सं."

मी जाऊन पट्टी ओढून काढली आणि बटण बंद केलं. ती उठली. पदराला हात पुसला, बटण चालू केलं, पट्टी अंगठ्यानं नीट दाबून बसवली आणि परत स्टुलावर बसली. इतकं सावकाश, जसं काही देव्हाऱ्यातलं विझलेलं निरांजन लावलं. मग मी तिला दंडाला धरून ओढलं. किती हलकी झाली आहे ती! स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, आणि तिचा हात सोडला नाही. थोड्या वेळानं रेडिओ सुरू झाला. ती म्हणाली, "आले बघा," रोजच्यासारखं.

मी विचारलं, "हे दर शुक्रवारी करता?"

"मग कोन करनार?"

तिला मरायचं आहे का? मला ठरवता येत नाही. ती जेवते, सईला पत्रं लिहिते, वाल निवडते. मरायला निघालेलं माणूस वाल निवडतं का? की ती फक्त तिथं हात घालून बसते आणि पुढचं लाईटवाल्यांवर सोडते? मला वाटतं, हेच असावं. आणि हेच जास्त भीतीचं आहे.

मी हे कळवलं, तसे सोमवारी अण्णा दोन गडी घेऊन टाकी उचलायला गेले. ती आडवी उभी राहिली. अण्णांचा शाळेत फोन आला. "ताई, बॉर्डरवर एवढा भ्यालो न्हाई. म्हनल्या, टाकीला हात लावलासा तर मी काय करीन सांगता यायचं न्हाई. त्या करतील वो ताई. डोळं बघितलं मी." सईला मी पत्र टाकलं आहे, पण तिला काय लिहिणार? आईचा हात पाण्यात असतो, असं? नुसतं लवकर ये एवढंच लिहिलं.

चार दिवस विचार करते आहे. वहिनीनं स्वतःच दार ठेवलं आहे एक. एका माणसानं जाऊन म्हणायचं, मी मागितलं होतं. ती तुकडा कापून त्याच्या हातात देईल आणि टाकी उपसेल. ती बोललेलं फिरवणारी नाही.

अण्णा तयार आहेत, मिलिंद तयार आहे. पण त्यांची नावं तिनं ऐकून सोडून दिली आहेत. आता त्यातलं एक पुन्हा पुढे केलं तर तिला कळेल, तिला गप्प करायला सांगितलंय. माझं नाव तिनं ऐकलेलं नाही. आणि मी इतके दिवस लपवलं, असं म्हटलं तर ते तिला खरं वाटेल. दादा, कारण त्यात थोडं खरं आहेच.

मी आयुष्यात मुलींना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. हे खोटं आहे. मी मागितलं नव्हतं. पण तू मला देणार होतास, हे खरं आहे. यातलं किती खरं आणि किती खोटं, ते मी काल रात्रीपासून वजन करते आहे, आणि पारडं काही थांबत नाही. मग वाटतं, माझं खरेपण जपायला मी तिला त्या स्टुलावर बसू देऊ? हे कसलं सोवळं?

उंबरा बंद होईल. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून तेवढंच दार होतं. पुढच्या दिवाळीला मी कुठं जाणार, हा विचार आला, आणि आला म्हणून लाजही वाटली. दुसरीही एक भीती आहे, ती तुला सांगून टाकते. टाकी गेल्यावर वहिनीच्या हाताला काय राहील? ती टाकी तिला मारते आहे की जगवते आहे? मला माहीत नाही. पण विजेचं माहीत आहे.

मिलिंदला मी सांगून ठेवलं आहे. उद्यापासून रोज कोणीतरी तिच्याकडे जायचं. एक दिवस तो, एक दिवस अण्णा. का, ते त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, "आनि तुमी, ताई?" मी म्हटलं, माझी शाळा आहे.

दादा, एवढा शब्द देते. वहिनीला मी तुझ्या मागोमाग येऊ देणार नाही. तिनं मला हाकललं, तरी नाही. आणि तिच्या हातून जो तुकडा मिळेल तो मी जगवीन. वाढला की अण्णांना देईन, मिलिंदला देईन. कापताना वायर भिंतीतून उपटून ठेवीन, आणि परत लावेपर्यंत त्या खोलीतून हलणार नाही. तुझ्या नियमात हे नव्हतं. असायला हवं होतं रे.

तुझी,
शालू

उद्या: पहाटेच्या गाडीनं सांगली, लाईट जायच्या आत वहिनीला सांगणे, मी मागितलं होतं.